हाणामारीत वाढलेला मुलगा आणि त्याचे साधे दिवस

(केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



शाळाबाह्य मुलांच्या प्रवेशाविषयी मी आज बोलावे, अशी आपल्या केंद्रप्रमुखांची इच्छा आहे. या विषयावरील परिपत्रके, तक्ते व नमुने आपल्या हाती पूर्वीच आलेले आहेत. ते पुन्हा वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. मी एकाच प्रकारच्या मुलाविषयी बोलणार आहे. असा मुलगा दर दोन-तीन वर्षांनी आपणांपैकी कोणाच्या तरी शाळेच्या दारात उभा राहतो, आणि त्याच्याविषयी कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो.

हा मुलगा मुंबईच्या उपनगरांतून येतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांतील एखाद्या वस्तीतून त्याला वर्षाच्या मध्येच आजीकडे किंवा मामाकडे धाडण्यात येते. बरोबर दाखला नसतो. "तिकडची हवा त्याला मानवत नाही," एवढेच सांगण्यात येते. ती हवा कसली, हे सांगणाराही सांगत नाही आणि आपणही संकोचाने विचारीत नाही.

त्या हवेचा थोडा इतिहास सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे घाटकोपरचे डॉक्टर. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले, आणि त्यांपैकी पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. ज्या घरात बापाचा पगार थांबला त्या घरातील मुलगा कोठे तरी जाणारच. काही शिकले, काही हमाली करू लागले, काही भाजीच्या गाडीवर उभे राहिले. बहुसंख्यांनी कष्टच केले, हे विसरता कामा नये. परंतु काहींना टोळ्यांनी उचलले. पुढे डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगली झाल्या. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसे जाळली गेली. त्या वर्षी जी मुले पाच-सात वर्षांची होती, त्यांनी दार आतून लावून घेण्याचे शिक्षण मुळाक्षरांच्या आधी घेतले.

१९९८ साली असा एक मुलगा माझ्या शाळेत आला. मी त्या वेळी एका लहान गावात सातवीचा वर्ग सांभाळीत होतो. मुलाचे वय चौदा. बाप गिरणीतून सुटलेला व दारूला लागलेला. बिऱ्हाड घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर. थोरला भाऊ दुकानदारांकडून हप्ते गोळा करणाऱ्या पोरांत होता, आणि धाकटा त्यांचे निरोप पोहोचवी. भावाला पोलिसांनी नेल्यावर आईने याला रातोरात गावी पाठवले. आजी त्याचा हात धरून शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्याला कुठं तरी बसवा. नुसता बसला तरी पुरे."

तो बसला, पण कोठे बसला, हे पाहण्यासारखे होते. सर्व मुले फळ्याजवळ सरकत, हा मागील भिंतीला पाठ टेकून दाराकडे तोंड करून बसे. कोणाची पाटी फरशीवर पडली तर इतर मुले पाटीकडे पाहत. हा पाटी पाडणाऱ्याच्या हाताकडे पाही. मधल्या सुटीत एका मुलाने खेळताना मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वळून पाहण्यापूर्वीच याने ठोसा मारला आणि त्या मुलाचा ओठ फाटला.

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. मी त्याला छडीने मारले. आणि त्या काळी ते कोणाला वावगे वाटले नाही. त्याने हात पुढे केला, मागे घेतला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्या वेळी मला तो निगरगट्टपणा वाटला. पुष्कळ वर्षांनी त्याचा अर्थ लागला : महिनाभर तो एका अनोळखी जागेत वावरत होता, आणि त्या दिवशी ती जागा त्याच्या ओळखीची झाली. शाळा त्याच्या घरासारखीच निघाली होती.

आपण अशा मुलाला दुष्ट समजतो, ही आपली पहिली चूक. आणि दुसरी चूक, आपण त्याला केवळ बिचारा समजतो. तो वास्तविक एका विशिष्ट विद्येत पारंगत झालेला असतो. पाऊल ऐकून माणूस ओळखणे, भीती चेहऱ्यावर न दाखवणे, समोरच्याच्या आधी हात उचलणे, आपल्या माणसाचे नाव न सांगणे, या गोष्टी त्याला जेथे तो वाढला तेथे जिवंत ठेवीत होत्या. साध्या जीवनात येताच तेच गुण दोष ठरतात. वैद्यकशास्त्रही आज सांगते की, दीर्घकाळ धाकात वाढलेल्या मुलाचे शरीर संकट टळल्यावरही संकटाच्याच तयारीत राहते. झोप हलकी होते, छाती धडधडते, कानांना स्वस्थता मिळत नाही. हे उपदेशाने जात नाही. कालच्यासारखाच आजचा दिवस गेला आणि आजच्यासारखाच उद्याचा, असे शेकडो दिवस जावे लागतात.

युक्रेनमधील पोल्टाव्हाजवळ १९२० साली आंतोन माकारेंको या शाळामास्तराकडे गुन्हेगार ठरलेल्या मुलांची वसाहत सोपवण्यात आली. आरंभीच्या दिवसांत त्यांनीही एका पोराला मारले होते. ते त्यांनी लिहून ठेवले, लपवले नाही. पण आपली पद्धती म्हणूनही मांडले नाही. त्यांच्या मुलांपैकी सेम्यॉन कालाबालिन याला त्यांनी तुरुंगातून आणले. निघताना माकारेंकोंनी त्याला क्षणभर खोलीबाहेर जाण्यास सांगितले. का, ते त्याला फार वर्षांनी कळले : कैद्याचा ताबा मिळाल्याच्या कागदावर त्यांना सही करावयाची होती, आणि एखाद्या वस्तूप्रमाणे आपली पोच दिली जात आहे, हे त्या मुलाने पाहू नये, अशी त्यांची इच्छा होती. पुढे याच मुलाला त्यांनी घोडा देऊन वसाहतीचे पैसे आणावयास एकट्याला पाठवले, आणि तो ते घेऊन आला. मोठेपणी तो स्वतः अनाथ मुलांच्या शाळा चालवू लागला. पैशांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र खोलीबाहेर पाठवण्याची गोष्ट अधिक मोठी वाटते.

मला हे सर्व त्या वेळी ठाऊक नव्हते. जे केले ते अडचणीपोटी केले. त्या काळी शाळेत शिजवलेला आहार मिळत नसे. हजेरी पुरेशी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यावयास देत. पोती ठेवण्याच्या खोलीला कुलूप होते आणि तांदूळ मापून देण्यास माणूस नव्हता. मी किल्ली त्याच्याकडे दिली. गावात कुजबुज झाली. तो मात्र तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा राही, आणि दोन दाणे सांडले तर तेही उचलून पिशवीत टाकी.

तिसऱ्या महिन्यात तांदूळ काही किलोंनी कमी भरला. मी कोणाला काही म्हटले नव्हते, त्याला तर नाहीच. परंतु दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या टेबलावर होती आणि तो गावात नव्हता. चोरी झाली की चोर आपणच ठरणार, हे त्याने गृहीत धरले होते. तीन दिवसांनी तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर तो मला सापडला. तांदळाचा विषय मी काढला नाही. "उद्या वाटप आहे, माणूस नाही," एवढे म्हणालो. तो आला. तांदूळ कोठे गेला, हे मला आजतागायत कळलेले नाही. आणि त्याला विचारण्याची इच्छाही मला कधी झाली नाही.

बंधुभगिनींनो, त्या काळी दाखल्याविना त्याला बसवून घेण्यासाठी मला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. जवळच्याच एका मोठ्या शाळेने तर त्याच्या आजीला दारातूनच परत पाठवले होते. आज आपणांस तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षणाच्या वयातील मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा आहे. दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास पूर्ण मनाई आहे. मुलगा बालन्याय मंडळासमोर जाऊन आलेला असेल, तर २०१५ चा बालन्याय कायदा पाहावा. मुलाला नव्याने आरंभ करू द्यावा, हे त्यातील एक मूलतत्त्वच आहे. त्याचे नाव, गाव, शाळा अशी ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करण्यास त्यात बंदी आहे. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत किंवा आपल्या भ्रमणध्वनीवरील गटात "हा डोंगरीहून आलेला" असे शब्द आपल्याकडून जाऊ नयेत. आणि मुलाला घरी आजही मारहाण होत असेल, तर १०९८ हा क्रमांक केवळ भिंतीवर रंगवण्यासाठी नाही.

आपल्या महाराष्ट्रातच या विचाराचा एक जुना प्रयोग आहे. आटपाडीजवळ, त्या काळच्या औंध संस्थानात, १९३९ च्या सुमारास राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी व मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांची स्वतंत्रपूर वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेडी नाही, कसावयास जमीन. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला असेल. त्यात सहा कैद्यांना जेलरच्या दोन डोळ्यांचा धाक आवरतो. नाट्य म्हणून ते प्रभावी आहे. परंतु प्रत्यक्ष वसाहतीतील मुख्य गोष्ट त्यात आली नाही. तेथे कैद्याला आपल्या बायकामुलांसह राहता येते. चूल पेटवावयाची, मुलाला शाळेत धाडावयाचे, पीक येईपर्यंत वाट पाहावयाची. खून करून आलेल्या माणसाला वाट पाहण्यास शिकवणारी अशी व्यवस्था मला डोळ्यांच्या धाकापेक्षा अधिक खरी वाटते.

मुंबईचे लक्ष्मण गोळे यांची हकीकतही आपणांपैकी काहींनी वाचली असेल. तरुणपणी गुन्हेगारीत गेलेल्या या गृहस्थांनी तुरुंगात गांधीजींची आत्मकथा वाचली, आपले गुन्हे न्यायालयापुढे कबूल केले, आणि सुटल्यावर सर्वोदय मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर ते तुरुंगांतून गांधीविचाराच्या परीक्षांचे काम करू लागले. आपण ही गोष्ट सांगताना पुस्तकाच्या प्रसंगाशी थांबतो. पण पुस्तक वाचून झाल्यावर दुसरा दिवस उजाडतो, तिसरा उजाडतो, भाड्याची तारीख येते, जुने सोबती नाक्यावर उभे असतात. खरा अवघड भाग तेथून पुढे आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याकडून हे मला समजले. दहावीत तो एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास झाला, आणि मुंबईस परत गेला. मला धास्ती होती. दोन वर्षांपूर्वी त्याने मला मुलुंडला घरी बोलावले. आता तो चाळिशीचा आहे. लोखंडी सामानाच्या एका दुकानात आहे. सकाळी दुकान तोच उघडतो. शेठ अकराला येतात.

मी विचारले, सर्वांत कठीण काय गेले? मला वाटले, जुन्या टोळीचे नाव घेईल. तो म्हणाला, "रविवार, गुरुजी. पहिली तीन वर्षं रविवारची मला भीती वाटायची. काहीच घडत नाही, कुणीच येत नाही. मग उगीच स्टेशनवर जायचो, कुणाचा धक्का लागतो का बघायला." शेठ रागावले, पण त्यांनी हात उचलला नाही, तेव्हा आता हा मनुष्य पुढे काय करणार, याचा अंदाज न आल्यामुळे त्याने दोनदा काम सोडले होते. दोन्ही वेळा शेठनी निरोप धाडून त्याला परत बोलावले. त्या शेठना मी भेटलो नाही. पण शिक्षणशास्त्राची पदवी नसताना त्यांना हे कसे सुचले असेल, याचा मी परतताना विचार करीत होतो.

त्याचा मुलगा महानगरपालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. चहा घेताना तो आपण होऊन म्हणाला, "एकदा मारलं मी त्याला. एकदाच. दोन दिवस तो भिंतीला टेकून बसला, माझ्या हाताकडं बघत."

"मग?"

"मग काय बोलायचं ते सुचेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला बरोबर घेऊन दुकान उघडायला गेलो. किल्ली दिली त्याच्या हातात. कुलूप जुनं आहे, जड आहे. त्याला निघेना. शेठ यायच्या आत उघडायचं होतं, पण उभा राहिलो तसाच."