विजयनगरच्या वह्या कोण लिहीत होतं?



50 रुपयांची नवी निळी नोट हातात आली की तिची मागची बाजू बघा. त्यावर एक दगडी रथ आहे. तो कर्नाटकातल्या हंपीचा, तुंगभद्रेच्या काठचा. आमच्या बचत गटाच्या 18 जणी यंदा हिवाळ्यात तो बघून आलो. त्याबद्दल आज बोलते.

हंपी ही विजयनगरची राजधानी. 1336 च्या सुमारास हे राज्य उभं राहिलं आणि कृष्णदेवरायाच्या काळात भरभराटीला आलं. 1565 मध्ये तालिकोटची लढाई हरल्यावर शहर लुटलं गेलं, ओस पडलं. आज तिथं नजर जाईल तिकडं पडके मंडप आणि देवळं दिसतात. दगडी खांबांच्या लांबच लांब रांगा म्हणजे तिथल्या पेठा. तिथं हिरे-माणकंसुद्धा विकली जात.

रथ आहे ते देऊळ विठ्ठलाचं, पण आत मूर्ती नाही. आपल्याकडे कथा सांगतात, कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती इथं आणली आणि एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, ती परत नेली. आमच्यातल्या माळकरी आत्यांनी रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले. म्हणाल्या, "बरं झालं बाई, घरी गेला."

राजवाड्याच्या आवारात काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी आहे. कितीतरी वर्षं ती मातीखाली होती. दगडी पन्हळीतून तिथं पाणी आणायचे. कुठला दगड कुठल्या जागी बसवायचा, त्याच्या खुणा अजून दगडांवर दिसतात. काम नोंद ठेवून केलेलं होतं.

नोंदीवरून मुख्य गोष्ट सांगते. साधारण 1535 च्या सुमारास फर्नाव नुनिझ नावाचा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी या शहरात होता. त्यानं लिहून ठेवलंय की राजवाड्यात कुस्ती खेळणाऱ्या बायका होत्या, ज्योतिष सांगणाऱ्या होत्या. आणि वाड्याच्या आतला सगळा खर्च बायकाच लिहीत. काहीजणी राज्याच्या घडामोडी लिहीत आणि बाहेरच्या लेखनिकांच्या वह्यांशी आपल्या वह्या ताडून बघत.

हे ऐकल्यावर आमच्या जणी गप्पच झाल्या. कारण आपल्या किती गटांत रोजकीर्द अजून कुणाचा तरी मुलगा नाहीतर दीर लिहितो? बँकेत साहेबांनी विचारलं, "शिल्लक किती?" की आपण एकमेकींकडे बघतो. पैसा आपण मजुरीतून वाचवलेला, पण वही दुसऱ्याकडे. मग कर्ज कुणाला गेलं, हप्ता कुणाचा थकला, हे विचारायलाही जीभ अडखळते.

तुम्हालाही जायचं असेल तर होसपेटला उतरा. तिथून हंपी साधारण 13 किलोमीटर. गटाच्या बचतीला हात लावू नका. आम्ही सहलीसाठी वेगळी भिशी लावली होती. ऊन फार, म्हणून थंडीत जा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. घरून परवानगी मिळायला वेळ लागतो, तेव्हा बोलणं आधीपासून सुरू करा.

आणि पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. वही मधोमध ठेवा, त्या दिवशीची जमा आपल्यातल्या एकीनं लिहायची, दुसरीनं पासबुकाशी ताडायची. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आकडे मोठ्यानं वाचून दाखवा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोघी.

येते मी. नमस्कार.