मधला रकाना



पाचच मिनिटं मिळाली आहेत, म्हणून फक्त कामांच्या यादीबद्दल बोलते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कानबान नावाची पद्धत वापरतो. मूळ जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यातली, ताइची ओनो यांनी रुजवलेली. कार्ड आल्याशिवाय नवा भाग बनवायचाच नाही, हा तिथला नियम. आमच्याकडे फळ्यावर तीन रकाने असतात: करायचं, चालू, झालं. खरी गंमत मधल्या रकान्यात. तिथे मर्यादा तीनची ठरली, की एक संपल्याशिवाय चौथं काम आत येत नाही. साहेब कितीही घाईत असोत!

घरी मात्र आपलं सगळंच 'चालू' असतं. आणि यादीत लिहितो काय, तर 'बाबांचे डोळे'. हे काम नव्हे, ही काळजी झाली. ती रोज एकेक ओळ खाली सरकते, आणि बाबाही म्हणतात, "दिसतंय गं मला, बघू सवडीने." तोवर मोतीबिंदू काही थांबत नाही. त्याऐवजी 'मंगळवारी दहा वाजता डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून तपासणीची वेळ घेणे' असं लिहा. कोण करणार, दादा की मी, तेही लिहा. ओळीला क्रियापद हवंच. व्याकरणाच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांना पटेल.

ॲप कुठलं, असं हमखास विचारतात. कुठलंही चालेल. माझे तीन रकाने फ्रिजच्या दारावर आहेत. मधल्यात सध्या बाबांची तपासणी, लेकीचा प्रवेशअर्ज आणि हे भाषण. त्यातलं एक आता निघालं.