जुन्या सामानाची नवी बाथरूम

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

एरवी मी लोकांच्या सर्व्हरवर बोलतो, आज बाथरूमवर बोलणार आहे. फार फरक नाही. दोन्हीकडे गळती नेमकी कुठून होते, ते शोधावं लागतं!

झालं असं, की गेल्या वर्षी बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आमचं घर १९५० च्या दशकातलं, बाथरूम ५ बाय ८ फूट आणि त्यात टब. त्या टबची कड ओलांडून बाबा आंघोळीला जाणार, या कल्पनेनेच झोप उडाली. टब काढून शॉवर करायचा ठरवलं. कॉन्ट्रॅक्टरने आकडा सांगितला १८,००० डॉलर्स. आमच्याकडे होते ५,०००.

मग एका शनिवारी हॅबिटॅटच्या 'रीस्टोअर'मध्ये गेलो. गरजूंसाठी घरं बांधणारी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था १९७६ साली जॉर्जियातल्या अमेरिकस गावी सुरू झाली. पहिलं रीस्टोअर मात्र निघालं कॅनडात, विनिपेगला, १९९१ साली. लोक आणि बिल्डर उरलेलं, काढलेलं सामान देणगी देतात, ते स्वस्तात विकलं जातं आणि पैसे घरबांधणीला जातात. थोडक्यात, पुण्याचा जुना बाजार, फक्त पार्किंगसह!

तिथे सिंकसकट कपाट मिळालं ६० डॉलर्सला, जमिनीच्या टाइल्स ७० ला आणि कमोड ४० ला. कमोड ऐकून बायको म्हणाली, "वापरलेला?" नाही हो, कोरा होता, बिल्डरकडे उरलेला. पण घरी आणल्यावर कळलं की तो बसतच नाही! भिंतीपासून ड्रेनच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण १२ इंच असतं. आमच्या घरात ते १० निघालं. इंजिनिअर असून मोजलं नव्हतं. तो परत देणगी दिला.

माझ्या चुकांतून शिकलेलं सांगतो. टेप खिशात ठेवा. टाइल्सच्या खोक्यांवरचा लॉट नंबर आणि शेड जुळवून घ्या, आणि तुटफुटीसाठी दहा टक्के जास्त घ्या. नंतर तशा मिळत नाहीत. नळ आधी घेतला असेल, तर सिंकची भोकं ४ इंचांवर आहेत की ८, ते बघा. कमोडच्या टाकीत आतून तारीख छापलेली असते. १९९४ पासून घरगुती कमोडला एका फ्लशला १.६ गॅलनची मर्यादा आली. त्याआधीचा घेतलात, तर वाचवलेले पैसे पाण्याच्या बिलात जातील.

काही गोष्टी मात्र जुन्या घेऊ नका. शॉवरचा व्हॉल्व्ह, पाण्याच्या लवचिक नळ्या, कमोडखालची मेणाची रिंग, भिंतीमागचं वॉटरप्रूफिंग, हे सगळं नवंच. आधाराचे दांडेही नवेच, आणि ते टाइलवर नाही, आतल्या लाकडात पक्के ठोकायचे. घर जुनं असेल तर तोडफोडीआधी तपासणी करून घ्या. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ९ इंची जुन्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस. टाउनशिपचं परमिट काढलं, प्लंबिंगला परवानाधारक माणूस लावला. सर्वांत जास्त पैसे त्यालाच गेले. एकूण खर्च ४,७०० डॉलर्स.

बाबा आले. मला एकच धाकधूक होती. मुलगा अमेरिकेत, आणि बापासाठी सेकंडहँड बाथरूम! दोन दिवस गप्प होतो, तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. बाबा दांडा धरून उभे होते. म्हणाले, "अरे, आपल्या घराचं सागवानी दार कुठून आलं, ठाऊक आहे का? पाडलेल्या वाड्याचं. तुझ्या आजोबांनी बैलगाडीतून आणलं. तुला काय वाटलं, नवं होतं?"

मला खरंच तसंच वाटत होतं.

सहा महिन्यांत बाबा एकदाही घसरले नाहीत. मंडळी, तुमच्या गराजमध्ये उरलेल्या टाइल्सचं खोकं पडलं असेल, तर ते कुणाच्या तरी घरी जाऊ द्या. दिवाळीची साफसफाई तशीही करायचीच आहे!

शुभ दीपावली!