भिंतीवरच्या चिठ्ठ्या

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला 'संघटनेतल्या कामाचं नियोजन' असा विषय दिला आहे. विषय ऐकून मागे दोघीतिघींनी जांभई दिली, ती मी पाहिली. हसू नका, एम.एस.डब्ल्यू.ला असताना या विषयाच्या तासाला मीही तेच करत होते. व्यवस्थापन म्हणजे मालकांचं शास्त्र, कमी माणसांकडून जास्त काम काढून घेण्याची विद्या, आपला तिच्याशी काय संबंध, असं मला वाटायचं. त्यातलं अर्धं मला अजूनही वाटतं. उरलेलं अर्धं का बदललं ते सांगायचं, तर आमच्याच कार्यालयातल्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्यांचा अर्ज आम्ही दाखल केला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोटगी मंजूर केली, पण राहत्या घरात राहू देण्याचा आदेश मात्र दिला नाही. तुम्हाला माहीत आहे, अशा आदेशावर कलम २९ प्रमाणे सत्र न्यायालयात अपील करता येतं आणि त्याला मुदत असते ३० दिवसांची. केस आमच्या एका कार्यकर्तीकडे होती. तारीख तिच्या डायरीत होती. डायरी तिच्या पर्समध्ये. आणि ती टायफॉईडने घरी पडली.

ती बरी होऊन आली तेव्हा मुदत उलटून ११ दिवस झाले होते. दरम्यान नवऱ्याने दाराचं कुलूप बदललं. बाई दोन मुलींना घेऊन बहिणीच्या एका खोलीत राहायला गेल्या. विलंब माफीचा अर्ज केला, तो पुढे मंजूरही झाला, पण त्यात कित्येक महिने गेले. मोठी मुलगी दहावीला होती. बहिणीच्या घरून तिची शाळा दोन बस बदलून जावी एवढी लांब.

यावर आमची बैठक झाली. ती कार्यकर्ती रडत होती, राजीनाम्याचं बोलत होती. आणि मी, मला आज सांगायला लाज वाटते, पण मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढी एक तारीख लक्षात ठेवता आली नाही तुला?"

त्या बैठकीला माझी एक मैत्रीण होती. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली सतरा-अठरा वर्षं नोकरी करते, आणि शनिवारी येऊन आमचे हिशेब बघते. वस्तीतल्या बायका तिला कॉम्प्युटरवाल्या ताई म्हणतात. एरवी बैठकीत ती गप्प असते. त्या दिवशी तिने तीन प्रश्न विचारले. ही तारीख आणखी कुणाला माहीत होती? ही आजारी पडल्यावर हिच्या केसेस कुणी वाटून घेतल्या? आणि त्या महिन्यात हिच्याकडे आणखी कोणकोणतं काम होतं?

पहिल्या दोन प्रश्नांवर कुणीच बोललं नाही. तिसऱ्याचं उत्तर मला द्यावं लागलं. देणगीदार संस्थेचा वार्षिक अहवाल मी तिला लिहायला दिला होता. ८ मार्चच्या मेळाव्याचे टेम्पो ठरवायचं काम मी तिला दिलं होतं. नवीन स्वयंसेविकांचं प्रशिक्षणसुद्धा. तिन्ही कामं मी वेगवेगळ्या दिवशी, चहा पिता पिता दिली होती, आणि प्रत्येक वेळी ती 'हो' म्हणाली होती.

मैत्रिणीने नंतर मला समजावलं. त्यांच्या क्षेत्रात एखादी मोठी यंत्रणा बंद पडते, समजा मध्यरात्री बँकेचे व्यवहार थांबतात. ती दुरुस्त झाल्यावर सगळे एकत्र बसून काय घडलं ते क्रमवार लिहून काढतात. या बैठकीचा नियम असा की कुणाला दोष द्यायचा नाही. मी म्हटलं, चांगुलपणा आहे की तुमच्याकडे. ती म्हणाली, चांगुलपणा कसला, व्यवहार आहे. माणसाला झापलं की पुढच्या वेळी तो चूक लपवतो, आणि लपवलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

मला एकदम आपली प्रशिक्षणं आठवली. मार खाऊन आलेल्या बाईला "आधी का नाही आलीस?" असं कधी विचारायचं नाही, हे आपण प्रत्येक नवीन कार्यकर्तीला शिकवतो. बाहेरून आलेल्या बाईशी जे पथ्य आपण पाळतो, ते आपसात का पाळत नाही?

त्यांच्याकडे आणखी एक मोजमाप आहे. एखाद्या कामाची माहिती किती जणांकडे आहे? उद्या त्यातली किती माणसं बसखाली सापडली तर काम ठप्प होईल? याला ते 'बस फॅक्टर' म्हणतात. आमच्या बायकांना ही भाषा अभद्र वाटली. मग आम्ही त्याला 'बाळंतपणाची कसोटी' असं नाव दिलं. उद्या हिला सहा महिने रजा घ्यावी लागली तर हिचं काम दुसरीला उचलता येईल का? या कसोटीवर आमची एकही केस पास झाली नाही. वकीलबाईंचा नंबर एकीच्या फोनमध्ये, संरक्षण अधिकाऱ्याशी झालेलं बोलणं दुसरीच्या डोक्यात, बँकेचा पासबुक मावशींच्या कपाटात.

तेव्हा आम्ही भिंत रंगवली. तीन रकाने केले: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. ही युक्ती मुळात जपानमधल्या टोयोटाच्या मोटार कारखान्यातली. ताइची ओनो नावाच्या अभियंत्याने तिथे कार्डं वापरून कामाचा ओघ सांभाळायची पद्धत बसवली, तिला कानबान म्हणतात. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली. आपल्याकडे एक खबरदारी घ्यावी लागते. चिठ्ठीवर बाईचं नाव लिहायचं नाही, फक्त नोंदवहीतला क्रमांक. आणि भिंत आतल्या खोलीतली हवी. आपल्याकडे नवरे, दीर, कधी कधी नगरसेवकसुद्धा येऊन बसतात, हे कंपनीवाल्यांना ठाऊक नसतं.

पहिल्या दिवशी चिठ्ठ्या लावून झाल्या तेव्हा 'चालू' या रकान्यात ६३ चिठ्ठ्या होत्या. आम्ही पाचजणी. 'झालं' या रकान्यात चार.

मैत्रीण म्हणाली, एकीच्या हातात एका वेळी तीन-चारच कामं हवीत, एक संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. यावर जोरदार भांडण झालं. रात्री डोकं फुटून आलेल्या बाईला काय सांगायचं, रांगेत थांब, अजून जागा नाही? तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की आमच्याकडेही आणीबाणी येते, म्हणून एकाला आळीपाळीने त्यासाठीच मोकळं ठेवतात. त्याच्याकडे त्या दिवशी दुसरं काम नसतं, आणि त्यामुळे बाकीच्यांना हातातलं काम पुरं करता येतं. आमच्याकडे तोवर काय व्हायचं? नवीन बाई आली की पाचहीजणी आपापलं टाकून धावायच्या. त्यात माया होती, पण ३० दिवसांची मुदत त्या धावपळीतच गेली. आता वार ठरलेले आहेत. माझा वार गुरुवार.

रोजची पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक मात्र जमली नाही. कंपन्यांत उभं राहतात, म्हणजे कुणी लांबण लावत नाही. आमच्यातल्या तिघींना गुडघेदुखी. आम्ही बसूनच घेतो, आणि ती पंधराची पंचवीस मिनिटं होते. तरी पूर्वीच्या दोन तासांपेक्षा बरं. वेळ मात्र बदलली. आधी बैठक संध्याकाळी पाचला असायची आणि साडेसातपर्यंत चालायची. २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आलं आहे की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. आमच्याही घरी हेच आहे. साडेसातला सुटलेली कार्यकर्ती नऊला पोळ्या लाटत असते. बाईच्या श्रमांवर व्याख्यानं देणाऱ्या आम्ही, पण बैठकीची वेळ सकाळी अकरा करायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

सगळ्यात अवघड गोष्ट दुसऱ्या महिन्यात लक्षात आली, आणि ती मैत्रिणीने नाही, आमच्या मावशींनी दाखवली. मावशी कार्यालय उघडतात, झाडतात, चहा करतात. आलेल्या बाईजवळ पहिला अर्धा तास त्याच बसतात. वस्तीत रात्री काही झालं तर पहिला फोन त्यांनाच जातो. भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या, "ताई, यात माझी चिठ्ठीच नाही." खरंच नव्हती. 'झालं'मधल्या बहुतेक चिठ्ठ्या माझ्यासारख्या शिकलेल्यांच्या: अहवाल, निवेदन, पत्र, शिबिर. वस्तीतून आलेल्या कार्यकर्त्यांचं काम चिठ्ठीत मावतच नव्हतं, कारण आम्ही त्याला काम म्हणून मोजलंच नव्हतं. घरातल्या बाईच्या कामाबद्दल आपण जे सगळीकडे सांगत फिरतो, ते आमच्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसत होतं. मानधनातही तोच फरक होता. मावशींचं मानधन त्या वर्षी वाढवलं, पुरेसं नाही, पण वाढवलं.

आपण म्हणतो, आमच्यात कुणी साहेब नाही, सगळ्या समान. जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्तीने १९७० साली एका भाषणात यावरच बोट ठेवलं होतं. गटात उघड रचना नसली तरी छुपी रचना असतेच, आणि ती मैत्रीवर, शिक्षणावर, कुणाला जास्त वेळ मोकळा आहे यावर चालते. चहा पिता पिता कामं वाटणारी मी ही अशीच एक छुपी साहेब होते.

आता जे आम्ही घेतलं नाही, त्याबद्दल. कंपन्यांत किती चिठ्ठ्या 'झालं'मध्ये गेल्या हे मोजतात आणि दर पंधरवड्याला तो आकडा वाढावा अशी अपेक्षा असते. आमच्या देणगीदारांचाही हाच प्रश्न असतो: वर्षात किती केसेस सुटल्या? मैत्रिणींनो, केस सगळ्यात लवकर कशी सुटते, ते या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत आहे. दोघांना समोरासमोर बसवायचं, नवऱ्याकडून 'पुन्हा मारणार नाही' असं लिहून घ्यायचं, बाईला परत पाठवायचं. दोन बैठकांत चिठ्ठी 'झालं'मध्ये. न्यायालयात लढलेली केस वर्षं खाते. आकडा वाढवायचा ठरवला तर आपण सगळ्याजणी नकळत तडजोडीकडे सरकू. मीही सरकले असते, अहवाल लिहिणारी मीच होते. म्हणून आमच्याकडे चिठ्ठी शेवटच्या रकान्यात हलवायची की नाही हे ती बाई सांगते, कार्यकर्ती नाही. सहा महिन्यांनी तिला पुन्हा विचारतो. काही चिठ्ठ्या उलट्या 'चालू'मध्ये येतात. अहवालातला आकडा त्यामुळे खाली आला. एका संस्थेने कारण विचारलं, आम्ही लिहून कळवलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी निधी कमी केला. हेही तुम्हाला माहीत असावं.

आणखी एक. गेलेली वेळ भरून काढायला ऐनवेळी माणसं वाढवू नका. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५च्या पुस्तकात सांगितलंय की आधीच उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली तर ते आणखी लांबतं, कारण त्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. ५ मार्चला आठ स्वयंसेविका बोलावणाऱ्यांना हे पुस्तक वाचायची गरज नाही!

आमची मैत्रीण हे सगळं सांगते तेव्हा तिच्या कंपनीत स्वर्ग आहे असं समजू नका. या नव्या पद्धतींचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेत युटा राज्यातल्या एका स्कीइंगच्या ठिकाणी १७ जणांनी मिळून लिहिला. सतराच्या सतरा पुरुष. तरी त्यांच्या तत्त्वांत एक असं आहे की कामाची गती माणसाला कायम निभावेल अशीच हवी. ती म्हणते, भिंतीवरचा फळा सगळ्या कंपन्यांनी उचलला, हे तत्त्व कुणी वाचलं नाही. अमेरिकेतल्या ग्राहकासाठी तिच्या बैठका रात्री साडेनऊला असतात. २०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. तिच्या हाताखालची मुलगी ती रजा संपवून परत आली, तेव्हा तिचं काम दुसऱ्याला दिलेलं होतं, आणि तिला तीन महिने नुसतं बसवून ठेवलं. मुलगी शेवटी नोकरी सोडून गेली. मैत्रीण म्हणाली, तिथे मी तीन प्रश्न विचारले नाहीत, तुमच्याकडे येऊन विचारले. आता ती तिथेही विचारायला लागली आहे. त्याचं काय होतंय ते तीच कधीतरी येऊन सांगेल.

त्या बाईंचं पुढे काय झालं, असं मघाशी समोरून कुणीतरी विचारलं. अपिलात घराचा आदेश मिळाला. त्या मुलींसह परत राहायला गेल्या आहेत. पण त्यांचं शिलाई मशीन नवऱ्याने मधल्या काळात कुठेतरी हलवलं, ते स्त्रीधन म्हणून परत मागितलं आहे, आणि त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. चिठ्ठी 'चालू'मध्येच आहे. तारीख लाल पेनाने लिहिली आहे, आणि ती आता पाचजणींना पाठ आहे. मावशींना सगळ्यात आधी.