मुख्य विषयाच्या जोडीला संवादशास्त्र
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या दिवशी वक्त्याने यशस्वी विद्यार्थ्यांना चार उपदेशाचे शब्द सांगावेत, असा परिपाठ आहे. आम्ही तो थोडा मोडून आज विद्यार्थ्यांच्या आईवडिलांशी बोलणार आहोत. कारण ज्या विषयासंबंधी बोलावयाचे आहे, त्याविषयीची शंका मुलांच्या मनात नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि पदवीच्या अभ्यासक्रमाची घडी बदलली. आपल्यापैकी अनेकांनी 'जनरल' आणि 'स्पेशल' असे विषय घेऊन पदवी संपादन केली. आता मुलांना 'मेजर' म्हणजे मुख्य विषय आणि 'मायनर' म्हणजे जोडविषय निवडावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक धरले असून त्यांपैकी किमान २४ जोडविषयाचे आहेत. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानांचे १५ तास, या हिशेबाने ३६० तास झाले. विद्यापीठागणिक हे प्रमाण थोडेफार बदलते. परंतु हा काळ दुर्लक्ष करण्याइतका अल्प नव्हे, हे उघड आहे.

या जोडविषयांत संवाद व माध्यमे हाही एक विषय अनेक महाविद्यालयांत असतो. वाणिज्य किंवा विज्ञान शिकणाऱ्या मुलीने तो मागितला की घरात प्रश्न उठतो, "बोलायला आणि पेपर वाचायला कॉलेजात कशाला शिकायचे?" दुसरे कोणी म्हणते, "पत्रकारितेत पोट भरते का?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना सरळ उत्तर दिले पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, बोलणे निसर्गदत्त असले तरी बोललेले समाजात कसे पसरते, कोणास पटते आणि कोणाच्या हिताचे असते, हे निसर्गतः समजत नाही. हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन पंडिताने १९४८ साली या शास्त्राचा सारा व्याप एका प्रश्नमालिकेत गोवला: कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या मार्गाने सांगतो, कोणास सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो? प्रश्न साधे आहेत. परंतु सकाळी हाती येणारी प्रत्येक बातमी आणि जाहिरात या पाच प्रश्नांच्या गाळणीतून काढण्याची सवय किती जणांस आहे?

या अभ्यासाचे एक उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत रेडिओ श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावातील काही मंडळींनी एकत्र बसून शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकावयाचा, नंतर त्यावर चर्चा करावयाची आणि जमेल तेथे कृती करावयाची, अशी ही योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली. जेथे मंडळे होती ती गावे, जेथे नुसता रेडिओ होता ती गावे आणि जेथे रेडिओच नव्हता ती गावे, अशी तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात इतरांहून स्पष्ट अधिक भर पडलेली आढळली. गावात नुसते यंत्र आणून ठेवल्याने काम भागत नाही. ऐकलेल्यावर माणसांनी एकमेकांशी बोलावे लागते, हा धडा त्यातून मिळाला. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

हेच साधन अविचाराच्या हाती गेले तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या काळी मोबाइलवरून हातोहात फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता येते. मनाला ती शिक्षणानेच पडते. आपल्या ज्ञातीच्या मोबाइलवरील गटांतही औषधोपचाराचे, शेअरबाजाराचे आणि इतर समाजांविषयीच्या द्वेषाचे संदेश न वाचता पुढे जातात, हे आपण सारे जाणतो. घरातील एकाने जरी "हे कोण सांगतो, आणि कशावरून?" असे विचारले, तरी त्या ३६० तासांचे चीज झाले असे आम्ही मानू.

आता पोटाचा प्रश्न. नुसत्या जोडविषयाने कोणी संपादक होत नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून मुलांना दूर ठेवावे. परंतु जोडविषयाचे सामर्थ्य नावाप्रमाणे जोडण्यात आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणित व ज्योतिषाचे जाणकार होते आणि काही काळ कुलाबा वेधशाळेचे प्रमुखही होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते, म्हणून त्यांच्या लेखणीस वजन आले. सांगण्याची कला असून सांगावयास काही नसेल तर ती पोकळ वाक्पटुता. आणि ज्ञान असून ते सांगता येत नसेल तर ते पेटीत कुलूप लावून ठेवलेले द्रव्य. डॉक्टराला रोग्यास समजेल असे बोलावे लागते, हिशेबनिसास ताळेबंदाचा अर्थ संचालकांपुढे मांडावा लागतो, कृषी पदवीधरास बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलावे लागते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, विषय निवडताना महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. शिकविणारे प्राध्यापक या विषयाचे आहेत की कोणावर तरी सोपविला आहे? प्रत्यक्ष लेखन, मुलाखती, ध्वनिमुद्रण यांचा सराव होतो की टिपणे पाठ करविली जातात? आणि मानहानीचा कायदा, तसेच संविधानाच्या कलम १९ ने दिलेले भाषणस्वातंत्र्य व त्याच्या मर्यादा शिकविल्या जातात काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर दुसरा विषय घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. शिक्षणनिधीतून साहाय्य देताना मुख्य विषयाइतकाच जोडविषयाचाही विचार व्हावा, आणि या विषयाचे विद्यार्थी आपल्या स्मरणिकेच्या संपादनात घ्यावेत. या स्मरणिकेत जन्म, विवाह, निधन आणि देणग्या यांच्या नोंदी असतात; त्या हव्याच. परंतु आपल्या वृद्धांच्या आठवणी, स्थलांतराच्या हकिकती आणि जुने व्यवसाय यांची नोंद करणारे कोणी नाही. ती माणसे एकेक करून जात आहेत. कान देऊन ऐकणारी आणि ऐकलेले नीट लिहिणारी मुले आज तयार झाली, तर पुढच्या पिढीला आपण कोण होतो हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही.