चालत जाता येईल एवढ्या अंतरावर



आज पूर्व द्रुतगती मार्गाने येताना घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगर लागले. तिथून जाताना मला दर वेळी एकच सकाळ आठवते, 11 जुलै 1997ची. वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला कुणीतरी चपलांचा हार घातला होता. संतापलेली माणसे आधी गेली ती शेजारच्या बीट चौकीवर. त्यांना पंतनगर ठाण्याकडे पाठवण्यात आले. मग लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला, राज्य राखीव दलाची गाडी आली आणि गोळीबार झाला. दहा माणसे गेली. त्यांतली काही तर नुसती बघत उभी होती.

या गोळीबाराने व्यथित होऊन चार दिवसांनी, इथे मुलुंडमध्येच, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. ज्यांनी त्यांचा आवाज ऐकलाय असे काहीजण या सभागृहात नक्की असतील.

पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला. महामार्गावरच्या जळत्या टँकरमुळे गोळीबार करावा लागला, हे पोलिसांचे म्हणणे आयोगाने मानले नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला. राखीव दलाच्या त्या तुकडीच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी धरले ते 2009 साली. म्हणजे बारा वर्षांनी! मुंबईतल्या 1992-93च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचेही असेच. नऊशे मृत्यू, त्यांतले 356 पोलिसांच्या गोळीबारात, हे त्या अहवालात लिहिलेले आहे. अहवाल आला 1998मध्ये. हे आयोग मोठ्या कष्टाने सत्य बाहेर काढतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते येतात तेव्हा तिरडी उचललेली असते. त्या सकाळी बीट चौकीवर गेलेल्या माणसाचे म्हणणे तिथल्या तिथे कुणी ऐकायचे, हा माझा आजचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या सुनेला घेऊन मी उपनगरातल्या एका ठाण्यात गेलो होतो. रात्रीचे साडेदहा. तिचा ओठ फाटलेला, पदर तोंडावर धरलेला, पदराला रक्ताचा डाग. ठाणे अंमलदारांनी मान वर न करता विचारले, ‘घरचंच आहे ना?’ आणि एनसी लिहिली. अदखलपात्र. सही करताना तिने पदर सोडला तेव्हा त्यांना तो ओठ दिसला. पण लिहून झाले होते. बाहेर पायरीवर उभे राहून तिने मला विचारले, ‘काका, आता ह्या पोलिसांची तक्रार कुठे करायची?’ मला सांगता आले नाही. मी तेव्हाही अशीच व्याख्याने देत होतो.

आपल्या गल्लीतले गटार तुंबले तर नगरसेवकाला गाठता येते. पोलीस मात्र राज्याच्या गृहखात्याचे. महापालिकेला त्यांना जाब विचारण्याचा अधिकारच नाही. लंडनमध्ये 2012पासून पोलिसांवरची देखरेख महापौरांच्या कार्यालयाकडे आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सांगितले की राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण हवे. महाराष्ट्राने 2014मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याच्या जागी विभाग घातला. आपले उपनगर कोकण विभागात मोडते. कोकण विभाग म्हणजे डहाणूपासून पार सावंतवाडीपर्यंत! फाटलेल्या ओठाची बाई रात्री साडेदहाला तेवढ्या लांब कशी जाणार?

जवळून देखरेख करता येते, आणि तीही पोलिसांच्याच मदतीने, हे आपल्याच परिसरात सिद्ध झालेले आहे. भिवंडी 1984ला दंगलीत पेटली होती. 1988च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी त्याच गल्लीतली साधी माणसे, हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि त्यांच्यासमोर बसलेला पोलीस. डिसेंबर 1992मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे 1994मध्ये माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांनी तेच काम मुंबईत रुजवले. आज गणपतीआधी ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते. पहिल्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष, चहा, शाल-श्रीफळ. खोपड्यांच्या कमिटीत गल्लीतला माणूस पोलिसाला प्रश्न विचारू शकत होता. ती गोष्ट मधल्या मध्ये हरवली.

जवळच्या देखरेखीचे दुसरे उदाहरणही इथलेच. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती! त्या रात्री तशी एखादी ताई त्या टेबलाशेजारी असती, तर एनसी लिहिण्याआधी अंमलदारांनी मान वर केली असती, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक सांगतो, कारण ते फार थोड्यांना माहीत आहे. 2 डिसेंबर 2020च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. त्यावर लक्ष ठेवायच्या जिल्हा समितीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधिकाऱ्यांबरोबर महापौरांनाही जागा दिली. निवडून आलेल्या शहरवासीयाला पोलीस ठाण्याच्या आत डोकावायचा हक्क मिळाला! मार्च 2022मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईला महापौरच नव्हता, हे आपले दुर्दैव.

त्याच निकालात असेही आहे की ठाण्याच्या दाराशी आणि आत ठळक पाटी हवी: इथे कॅमेरे आहेत, आणि मानवी हक्कांचा भंग झाल्यास तक्रार करायचा तुम्हाला अधिकार आहे. पाटी स्थानिक भाषेतही हवी. उद्या भाजी आणायला जाल तेव्हा मुलुंड, नवघर, भांडुप, जे ठाणे वाटेत असेल तिथे दोन मिनिटे थांबा. ती पाटी आहे का, मराठीत आहे का आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात आहे का, ते पाहा. नसेल तर आत जाऊन ठाणे अंमलदारांना नमस्कार करा आणि विचारा, कधी लावणार?