ऋतू बदलतो, ताटही बदलू या

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात चैत्र महिन्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. निवृत्त म्हणजे नुसती म्हणायला. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, गणपतीच्या मांडवात कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, हे डिटॉक्स करावं का हो?" आज त्यावरच बोलायचं आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीत सात दिवसांचं 'ज्यूस चॅलेंज' ठेवावं, सात दिवस फक्त रस प्यायचे आणि ज्याचं वजन सगळ्यांत जास्त उतरेल त्याला बक्षीस द्यायचं, अशी सूचना आपल्या ग्रुपवर आली आहे. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. कमिटीने अजून काही ठरवलेलं नाही. ठरवण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढीच विनंती.

ऋतू बदलला की खाणं बदलायचं, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त ऋतुचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ऋतुसंधी सांगितला आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा, असे हे साधारण चौदा दिवस. या दिवसांत जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू धरायच्या. 'हळूहळू' हा शब्द लक्षात ठेवा. काल मिसळपाव आणि आज एकदम काकडीचा रस, असं तिथे कुठेही सांगितलेलं नाही. वमन, विरेचन, बस्ती ही शोधनकर्मं सांगितली आहेत. पण ती वैद्याने माणूस तपासून, त्याचं बळ पाहून करायची असतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरच्या घरी करायची ती गोष्ट नाही.

ग्रंथ सोडा, आपल्या घरातलं पंचांग बघा. नुकताच पाडवा झाला. कडुलिंबाची पानं, ओवा, गूळ, चिंच, हिंग, मीठ यांची चटणी आपण चमचाभर खाल्ली. चमचाभरच, वाटीभर नाही. आता उन्हाळ्यात पन्हं, कोकम सरबत, ताक, आंबील. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांग्याची हौस फिटेपर्यंत भजी आणि भरीत खायचं, आणि मग चातुर्मास. पावसाळ्यात पाणी गढूळ, पालेभाज्यांना चिखल आणि किडी, हालचाल कमी, भूक मंद. अशा दिवसांत हलकं खावं, पाणी उकळून प्यावं, यात शहाणपण होतं. त्याच दिवसांत स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात. भाद्रपदात ऋषीची भाजी. पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वाटाणा, पावटा, गाजर, वांगं घातलेली लेकुरवाळी भाजी. थंडीत भूक जास्त, म्हणून तीळ, गूळ, बाजरी. बघा, वर्षभरात आपल्या ताटात किती धान्यं, किती भाज्या येऊन जात होत्या! आता बारा महिने फ्लॉवर, बटाटा आणि पनीर. ऋतू कॅलेंडरवर बदलतो, ताटात बदलत नाही. आपल्यातलं खरं काही हरवलं असेल तर ते हे आहे.

आता 'शरीरातली घाण बाहेर काढणं' म्हणजे काय ते बघू. आपलं यकृत साधारण दीड किलोचं. औषधं, दारू, शरीरात तयार होणारे नको ते पदार्थ यांचं रूपांतर करून ते बाहेर पाठवायचं काम ते रात्रंदिवस करत असतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत घेतं आणि साधारण दीड-दोन लिटर लघवी होते. आपल्या इमारतीची पाण्याची टाकी आपण वर्षातून दोनदा धुतो. शरीराची टाकी मात्र रोजच्या रोज धुतली जाते. तिला सात दिवसांच्या रसाची गरज नसते. गरज असते ती रोजच्या पुरेशा पाण्याची, प्रथिनांची, झोपेची, आणि नको ते कमी घालण्याची.

मग रस प्यायल्यावर तीन दिवसांत वजन उतरतं ते कसं, असं विचाराल. उतरतं, खरं आहे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, आणि त्या साठ्याबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं तुटलं की साठा संपतो आणि पाणीही जातं. काटा दीड-दोन किलो खाली येतो. आठव्या दिवशी पोळी-भात खाल्ला की पाणी परत, काटाही परत. चरबी तेवढी गेलेली नसते. प्रथिनं पोटात गेली नाहीत तर स्नायू मात्र झिजायला लागतात. साठीच्या पुढच्या माणसाने गमावलेला स्नायू परत मिळवणं फार कठीण. जिना चढताना, पडता पडता सावरताना तोच कामाला येतो.

पण वजनापेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टींची आहे. त्या नीट ऐका.

पहिली गोष्ट दुधीच्या रसाची. सकाळी फिरायला जाणारे आपल्यातले बरेच जण तो पितात. दुधी, काकडी, दोडका या कुळात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू लागलेला रस पिऊ नये, असं तिने स्पष्ट सांगितलं. याला उतारा नाही. उलट्या, जुलाब, पोटात कळा, रक्ताची उलटी, रक्तदाब खाली जाणं, असा त्रास थोड्याच वेळात सुरू होऊ शकतो. म्हणून दुधी कापला की आधी छोटा तुकडा चाखा. कडू असेल तर थुंका आणि सगळा दुधी फेकून द्या. भाजीसुद्धा करू नका. "कडू म्हणजे औषधी" ही समजूत इथे जिवावर बेतू शकते. पिऊन त्रास झालाच, तर घरगुती उपाय करत न बसता सरळ रुग्णालय गाठा.

दुसरी गोष्ट औषधांची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण बंद केलं तर साखर धोक्याच्या खाली जाते. गेल्या नवरात्रात आपल्याच एका काकांना लिफ्टमध्ये दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. नऊ दिवसांचा उपास आणि गोळी मात्र नेहमीची. वॉचमनने प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी दिलं म्हणून निभावलं. साखर 70 च्या खाली गेली, की शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक रुग्णालय. उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळीचं प्रमाण ते ठरवतील. आपल्या मनाने गोळी बंद करणं हाही उपाय नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी अचानक हिरव्या पानांचे रस सुरू करू नयेत, त्यातल्या 'के' जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळ्याचं पाणीसुद्धा विचारूनच घ्यायचं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. रोज पेलाभर पालकाचा रस हाही अशांच्या मूत्रपिंडांना भारी पडू शकतो.

तिसरी गोष्ट आपल्या उपासाची. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे! साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, प्रथिनं नावाला. शेंगदाण्याचं कूट आहे म्हणून खिचडीला थोडा तरी आधार. त्यापेक्षा राजगिरा, शिंगाडा, ताक, फळं, उकडलेलं रताळं बरं. भगरीचं पीठ मात्र सुटं, जुनं घेऊ नका. बुरशीमुळे विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात आणि महाशिवरात्रीला येतात. भगर निवडून, धुऊन घ्या आणि पीठ लागेल तेवढंच घरी दळा.

आता थोडं महिला मंडळासाठी, पण पुरुषांनीही ऐकावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या अहवालाप्रमाणे देशात 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांमागे 57 जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणजे या सभागृहातल्या किती जणी असतील, विचार करा. आणि घरात सगळे उपास कोण करतं? उरलंसुरलं कोण खातं? सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिने सात दिवस रसावर राहून काय साफ करायचं? तिला हवी आहे उसळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी, वर लिंबू पिळून. जेवल्याबरोबर चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. आणि हवं आहे गरम जेवण, सगळ्यांबरोबर बसून. स्वतःची काळजी घेणं म्हणजे महागडी पावडर आणणं नव्हे. सूनबाई लोकलची गर्दी सोसून रात्री नऊला घरी येते, तेव्हा कुकर दुसऱ्या कुणीतरी लावलेला असणं, हीसुद्धा आरोग्याचीच गोष्ट आहे.

"मग करायचं तरी काय?" असं म्हणाल. ऋतुसंधीचे चौदा दिवस घ्या आणि 'काय सोडायचं' याची छोटी यादी करा. फरसाण आणि बेकरीचे पदार्थ बंद. चहातली साखर निम्मी. रात्रीचं जेवण जमेल तितकं लवकर, निदान झोपण्याआधी दोन तास. रोज एक भाजी त्या ऋतूतली. फळ चावून खायचं, रस काढून नाही. एका पेल्यात तीन-चार संत्री जातात आणि चोथा कचऱ्यात. आतड्याला खरा उपयोग त्या चोथ्याचाच. आणि मिठाचा एक सोपा हिशोब सांगते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार माणसांच्या घरात महिन्याला झाले 600 ग्रॅम, तेही पापड, लोणचं, वेफर यांतलं धरून. तुमच्याकडे किलोची पिशवी किती दिवस पुरते, ते आज घरी गेल्यावर बघा. रक्तदाबाच्या दृष्टीने कुठल्याही डिटॉक्सपेक्षा ही पिशवी जास्त महत्त्वाची आहे.

शेवटी कमिटीपुढे माझा प्रस्ताव ठेवते. ज्यूस चॅलेंज नको, आणि वजनाचं बक्षीस तर मुळीच नको. बक्षिसापायी कुणीतरी गोळी चालू ठेवून उपाशी राहील, आणि त्याची जबाबदारी कोण घेणार? त्याऐवजी दर ऋतूत एक सामूहिक जेवण ठेवू या. वर्षाला सहा जेवणं. श्रावणात रानभाज्या, भोगीला भाकरी, उन्हाळ्यात आंबील. ज्या आजींना टाकळा कसा निवडायचा ते माहीत आहे, त्यांनी शिकवायचं. तरुण मुलांनी भाजी आणायची आणि भांडी घासायची. आपल्याकडे मुलं परदेशी असलेले, दोघंच किंवा अगदी एकटेच राहणारे कितीतरी जण आहेत. एकट्यासाठी कोण स्वयंपाक करतं? दूध-पोळीवर भागवतात. वर्षातून सहा वेळा तरी त्यांचं ताट भरलेलं असेल, आणि कोण हल्ली फारसं जेवत नाही, कोण बारीक झालंय, हे शेजाऱ्यांच्या डोळ्यांना दिसेल. पंचवीस वर्षं एका छपराखाली राहून आपण एकमेकांसाठी एवढं नक्की करू शकतो.

 खाली पार्किंगमध्ये कैरीचं पन्हं ठेवलं आहे. गूळ बेताचाच घातलाय. मधुमेहींनी अर्धा पेलाच घ्यावा, मी तिथेच उभी आहे!